दंडाला बाहेरून फिक्सेटर लावताना या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-मिरजेत उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले हात यायला लागतात. जखम उघडी, आत माती, दंडाच्या हाडाचे तुकडे. तिथे फिक्सेटर, म्हणजे हाडात पिना घालून त्या बाहेरून दांडीने जोडणारी चौकट, हवाच. पण जखम नसलेल्या, साध्या मोडलेल्या दंडालाही तो लावलेला दिसतो, ते मला पटत नाही. असे बहुतेक दंड ब्रेसमध्ये, म्हणजे दंडाभोवती आवळायच्या पट्ट्यात, जुळतात.

जीव सर्वांत जास्त जळतो तो खालच्या पिनेपाशी. मनगट उचलणारी रेडियल नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) हाडाला मागून वळसा घालते आणि कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याच्या साधारण 10 सेंटिमीटर वर बाहेरच्या बाजूने पुढे येते. घाईतली पिन नेमकी त्याच पट्ट्यात घुसते. तासगावकडचा एक ट्रॅक्टरवाला आठवतो. माझ्या हाताखालच्या मुलाने टिचभर छेद दिला आणि सरळ ड्रिल घातलं. मी समोरच होतो, थांबवलं नाही. सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावरच्या एक्स-रेवर, पिन देखणी दिसत होती. ब्लॉक, म्हणजे हात बधिर करणारं इंजेक्शन, उतरल्यावर पेशंट म्हणाला, "साहेब, पंजा उचलंना झालाय." उघडून पाहिलं तर नस ड्रिलमध्ये गुंडाळून चेचली होती. तुटली नव्हती, एवढंच नशीब. चेचलेली नस भरून यायची तर दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. मनगट वर यायला आठ महिने लागले आणि तोवर त्याच्या शर्टाची बटणं बायको लावत होती.

तेव्हापासून खालच्या पिनांसाठी मी दोन बोटं मावतील एवढा छेद घेतो, आर्टरी चिमट्याने स्नायू बाजूला सारतो, बोटाला हाड लागलं की मगच स्लीव्ह, म्हणजे ड्रिलभोवतीची संरक्षक नळी, टेकवतो. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत. "सर, वरूनच मारू या" म्हणणाऱ्याच्या हातात मी ड्रिल देत नाही.

ब्लॉकच्या आधी मनगट आणि अंगठा उचलायला लावा आणि केसपेपरवर लिहा. नाहीतर लुळेपणा अपघाताने आला की आपल्यामुळे, ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

वरच्या पिनेला खांद्याच्या टोकाखाली 5 ते 7 सेंटिमीटरवरची अॅक्सिलरी नस (खांद्याच्या स्नायूचा मज्जातंतू) जपा.

ड्रिल फुल स्पीडला नको. हाड भाजतं, मग पिन ढिली होते. हळू चालवा, वरून सलाइनची धार धरा.

आणि हळद! आपल्याकडे घरोघरी पोत्याने हळद, म्हणून पिनेच्या तोंडाशी ती भरली जाते. वर घट्ट पिवळी खपली बसते, खाली पू साठतो. ओरडून उपयोग होत नाही. घरी सोडण्याआधी मी घरच्या बाईच्याच हातात सलाइन आणि गॉझ देतो आणि प्रत्येक पिन माझ्यासमोर पुसून घेतो.

कोपर झोळीत अडकवून ठेवू नका, आखडतं. फिक्सेटर पक्का बसला असेल तर दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मी वॉर्डात जातो आणि पोह्यांचा पहिला चमचा त्याच हाताने तोंडापर्यंत न्यायला लावतो.