माळ्यावर अकरा धनुष्यं, दोरी एकालाही नाही: या चुका टाळा

दिवाळीच्या रंगकामासाठी माळा रिकामा करायला घेतला आणि तुराट्यांच्या पेंढ्यांमागून धनुष्यासाठी तासलेली एकेक कांब निघत गेली. बांबूच्या सहा, धामणीच्या लाकडाच्या चार आणि एक कशाची ते आता मलाही आठवत नाही. अंगणात ओळीनं मांडल्या तेव्हा शेजारचे काका फाटकातून डोकावले. "भाऊ, इंधन बरं जमवून ठेवलं तुमी!"

हसण्यावारी नेलं, पण रात्री बॅटरी घेऊन पुन्हा पाहायला बसलो. अकरापैकी सात कांबी अगदी एकाच जागी अडल्या होत्या. रंधा मारून झालेला, टोकांना खाचा पाडलेल्या, जमिनीला टेकवून थोडं वाकवून पाहिलेलं. पुढची पायरी एकच होती, दोरी चढवायची. म्हणजे मी आळशी नव्हतो, भित्रा होतो. लाकूड मोडतं ते दोरी चढल्यावरच. ती वेळ आली की मला हटकून नवी कांब तासावीशी वाटायची.

पहिली चूक: सगळी कामं एकाच पायरीवर साचू देणं

"एका वेळी एकच धनुष्य हाती घ्या" हा सल्ला या कामात चालत नाही. ओली धामण फाडून ठेवली तर वाळायला महिने जातात. तोवर हात बांधून कोण बसेल? कामं तीन असली तरी हरकत नाही, तिन्ही वेगवेगळ्या पायरीवर हवीत. एक वाळतंय, एक तासतोय, एक दोरीवर आहे. दोरीवरचं धनुष्य तीर फेकू लागेपर्यंत किंवा मोडेपर्यंत नव्या लाकडाला वाकस लावायची नाही. मोडलं तरी काम संपलंच म्हणायचं. मी त्याची नोंद 'पूर्ण' याच रकान्यात करतो.

मोडण्याची भीती खोटी नसते. कांबेचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी थोडी कमी केली तर ताठपणा तेवढाच उतरतो, जाडीचं तसं नाही. 12 मिलिमीटरची कांब सगळीकडून 11 वर आणली की जवळजवळ 23 टक्के ताठपणा गेला. रंध्याचे चार हात जास्त पडले की 20 किलोचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य पोरांचं खेळणं होतं. म्हणून शेवटच्या टप्प्यात रंधा पेटीत ठेवा आणि काचेच्या तुकड्यानं खरवडा. चारदोनदा खरवडलं की दोरी वीस-पंचवीस वेळा हलक्यानं ओढायची, मग दोन्ही अंगांचा, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडच्या भागांचा, बाक लांबून पाहायचा. लाकडाला नवा बाक कळायला तेवढा वेळ लागतोच.

कापूस वेचणीत वजन करायचा हूकवाला काटा घरात असेलच. तो दोरीला अडकवून ओढा. धनुष्य 20 किलोचं करायचं असेल तर काटा 20 दाखवतो तिथे थांबा, मग दोरी वीतभरच मागे आलेली का असेना. "जरा आणखी ओढून पाहू" म्हणत मी दोन चांगल्या कांबी घालवल्या.

दुसरी चूक: लाकडावर काही न लिहिणं

तीन महिन्यांनी कांब हातात घेतली की पहिला प्रश्न येतो, हिची पाठ, म्हणजे ओढताना आपल्यापासून पलीकडे राहणारी बाजू, कोणती? बांबूत ते दिसतं, धामणीत दिसेलच असं नाही. पेन्सिलीची खूण रंध्याखाली उडते. म्हणून मुठीजवळ छिद्र न पाडता सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधा आणि त्यावर लिहा: लाकूड कोणतं, कधी तोडलं, पाठ कोणती, शेवटी काट्यावर किती किलोला किती ओढलं आणि पुढे काय करायचं. यातलं शेवटचं सर्वात महत्त्वाचं. "डावं अंग मधे ताठ आहे, तिथेच खरवडणे" एवढं लिहिलेलं असलं की परत सुरुवात करायला पाच मिनिटं पुरतात. नसलं की तास जातो, आणि तेवढा तास हाताशी नसतो म्हणून कांब पुन्हा माळ्यावर जाते.

वाळणाऱ्या लाकडाचं वजनही त्याच पुठ्ठ्यावर टाका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा तोला. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही की लाकूड तयार समजा. "वाळल्यासारखं वाटतं" हा अंदाज माझा तरी नेहमी चुकला.

तिसरी चूक: एका दिवसात दोन जातींच्या कांबींवर हात चालवणं

ही मला सर्वात महाग पडली. सकाळभर धामणीवर होतो. धामणीत पाठीवर वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावं लागतं, म्हणून पाठ घासून घासून ते वलय शोधत होतो. जेवण झालं, हात त्याच लयीत होता, आणि मानवेल बांबूची अर्धवट कांब समोर घेतली. दोन ओढीत पाठीवरची चकचकीत साल निघाली. बांबूचे सगळ्यात दाट, मजबूत तंतू त्या सालीलगतच असतात. बांबू आतल्या बाजूनं, म्हणजे पोटाकडून तासायचा असतो. पाठीला हात लावायचा नाही, पेराची गाठही सपाट करायची नाही. संध्याकाळी दोरी चढवली. अर्ध्या ओढीलाच खरवडलेल्या जागेवरून कुसळ उभी राहिली.

आता बांबूचा दिवस वेगळा, धामणीचा वेगळा.

चौथी चूक: ऋतू न पाहणं

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. तेव्हा लाकूड ठिसूळ होतं. पूर्ण ओढ देऊ नका. पावसाळ्यात उलट. लाकूड ओल खातं, नरम पडतं आणि ओढून सोडल्यावरही वाकडंच राहतं. जुलैत 18 किलोला बसवलेलं माझं एक धनुष्य जानेवारीत दीड-दोन किलो जड निघालं. मी कच्चं तासणं उन्हाळ्यात सावलीत करतो, पावसाळ्यात तीर आणि दोऱ्या वळतो, आणि दोरीवरचं नाजूक काम दिवाळी ते शिवरात्र. कापसाच्या हंगामात नेमका वेळ नसतो, हे मान्य. पण रात्री तासभर मिळतोच.

आणि हो, कूलर चालू असलेल्या खोलीत धनुष्य टांगू नका. माणसाला बरं वाटतं तिथे लाकूड ओल पितं.

पाचवी चूक: टिनाखाली कोंबून ठेवणं

तापल्या टिनाखाली ओलं लाकूड ठेवलं की टोकांना चिरा पडतात. आधी टोकांना फेविकॉल किंवा ऑइल पेंट फासा. कोपऱ्यात तिरपी उभी ठेवलेली कांब स्वतःच्या वजनानं वाकते. दोन खुंट्यांवर आडवी ठेवा. बांबूखाली पांढरी भुकटी दिसली तर घुण लागला आहे. ती कांब त्याच दिवशी बाहेर काढा, नाहीतर बाकीच्यांनाही लागेल. चुलीवरच्या धुरात बांबू ठेवायची जुनी पद्धत उगाच नव्हती.

ठेवायचं कोणतं, चुलीत कोणतं?

पाठीवर आडवा तडा गेला असेल तर विचार करू नका, चुलीत टाका. पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या तर तिथे लाकूड दबलं आहे. तेही फार दिवसांचं नाही. दोरी मुठीच्या मधून जात नसेल तर मात्र घाबरू नका, निखाऱ्यावर शेकून कांब सरळ करता येते. धनुष्य हलकं भरलं तर दोन्ही टोकांकडून दोन-तीन बोटं कापून नव्या खाचा पाडा, थोडं जड होतं. एका अंगाचा बाक जास्त असेल तर त्याला हात न लावता दुसरं खरवडायचं. आणि तपासताना तीर न लावता दोरी कधीही सोडू नका.

त्या अकरापैकी पाच चुलीत गेली. दोन शेजारच्या पोरांना दिली, हलकी करून. कुटार भरलेल्या पोत्यावर रोज संध्याकाळी तीर लागतात. चार राहिली. त्यातल्या एकीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं आहे: "उजवं अंग, टोकाकडची वीत ताठ. 16 किलोला थांबलो." काटा आज शेतातून घरी आणला आहे.