आई-बाबांना वॉशिंग्टनचा चेरीचा बहर दाखवायचा असेल तर

आई-बाबा देवगडहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले होते. बाबांची हापूसची बाग आहे, त्यामुळे मोहर म्हटलं की त्यांचा जीव त्यात अडकतो. 2025च्या मार्चमध्ये दोघांना आणि माझ्या चार वर्षांच्या लेकाला घेऊन आम्ही वॉशिंग्टन डीसीचा चेरीचा बहर पाहून आलो. वयस्कर माणसं आणि लहान मूल बरोबर असणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

तारीख आधी ठरवू नका, झाडाला ठरवू द्या. टायडल बेसिन या तळ्याच्या काठावरच्या योशिनो जातीच्या चेरीची 70 टक्के फुलं उमलली की नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं सरकारी खातं, पूर्ण बहर जाहीर करते. बहुतेकदा तो मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला आठवडा यात येतो, पण 1990मध्ये तो 15 मार्चलाच आला होता आणि 1958मध्ये थेट 18 एप्रिलला. कळी उमलण्याच्या पायऱ्यांची माहिती पार्क सर्व्हिस देत असते. देठ लांबले की सामान भरायला घ्या. कळ्या फुगून पांढऱ्या दिसू लागल्या की साधारण चार ते सहा दिवस हातात असतात. आयत्या वेळी रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या, थोडं महाग पडलं तरी. बहर आला आणि मागोमाग वारा-पाऊस आला, तर दोन दिवसांत झाडं रिकामी होतात. हे बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. अवकाळी पावसात मोहर झडताना त्यांनी आयुष्यभर पाहिला आहे.

त्या वर्षी पूर्ण बहर 28 मार्चला आला, शुक्रवारी, आणि रविवारी पाडवा होता. आम्ही शुक्रवारीच गाठलं. शनिवार-रविवार शक्यतो टाळा, गर्दीत म्हाताऱ्या माणसांना धक्के खावे लागतात.

गाडी शहरात नेऊ नका. आम्ही न्यू कॅरलटन मेट्रो स्टेशनला गाडी लावली. तिथून ऑरेंज लाइन न बदलता स्मिथसोनियन स्टेशनला नेते. तेव्हा प्रत्येक मोठ्या माणसाला मेट्रोच्या तिकिटाचं वेगळं स्मार्टट्रिप कार्ड लागलं, पाच वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर तिकीट नाही. स्टेशनात लिफ्ट आहे, सरकत्या जिन्याचा हट्ट धरू नका. वर आल्यावर पाण्यापर्यंत पंधरा मिनिटं चालायचं, आईच्या गुडघ्यांनी पंचवीस.

सकाळी सातच्या आत पोचा. गारठा असतो, तेव्हा स्वेटरवर शाल हवीच, पण उजेड मऊ असतो आणि पाणी स्थिर. बेसिनची पूर्ण फेरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. ती पुरी करायचीच, असं मनात धरू नका. 2024पासून काठाच्या भिंतीचं काम चालू झालं, त्यासाठी बरीच झाडं काढली गेली, तेव्हा वाट कुठे बंद आहे ते निघण्याआधी पाहून घ्या. आईला आम्ही मार्टिन ल्यूथर किंग स्मारकाच्या बाजूला घडीच्या स्टुलावर बसवलं. समोर पाणी, पलीकडे जेफरसन मेमोरियलचा घुमट आणि मधे सगळं पांढरं. फ्रँकलिन रूझवेल्ट स्मारकापाशी स्वच्छतागृह आहे. मुलाला आधी तिथे नेऊन आणा, मग फोटो.

तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि थर्मासभर चहा नेला होता. चादर गवतावर पसरा, झाडाच्या बुंध्याशी नको. तुडवून तुडवून माती घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. "आंब्याच्या आळ्यात आपण कुणाला नाचू देतो का?" बाबा लेकाला म्हणाले, आणि तो लगेच बाजूला झाला. फुलं तोडायला, फांदीवर चढायला मनाई आहे. आईचा हात सवयीने देवाच्या फुलांसाठी वर गेला होता, तिला हळूच सांगितलं.

इतकी झाडं एकदम कशी फुलतात, हा माझा प्रश्न. बाबांनी खोडं निरखून सांगितलं, "कलमं असणार." खरंच, योशिनो कलमांनीच वाढवतात, म्हणून सगळी एका वेळी फुलतात.

दुपारी पाय दमले की नॅचरल हिस्टरी म्युझियम गाठा. प्रवेश फुकट, आतल्या आत वापरायला व्हीलचेअरही फुकट मिळते, आणि मुलाला डायनोसॉर.

बहर हुकला तर परत फिरू नका. ईस्ट पोटोमॅक पार्कमध्ये क्वान्झान जातीची गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची फुलं साधारण दोन आठवड्यांनी येतात. गर्दीही कमी असते.

एका जागेसाठी मात्र वेळ राखून ठेवा. सतराव्या रस्त्याच्या टोकाला, जॉन पॉल जोन्सच्या पुतळ्याजवळ, 27 मार्च 1912 रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टॅफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी यांनी लावलेली पहिली दोन झाडं आहेत. 1910मध्ये जपानहून आधी आलेली दोन हजार झाडं किडीमुळे जाळावी लागली होती. मग टोकियोने पुन्हा तीन हजारांवर पाठवली. हे ऐकून बाबा तिथेच बसले. "जाळल्यावर परत पाठवली," एवढंच दोनदा म्हणाले. आम्ही पंधरा मिनिटं धरली होती, तिथे पाऊण तास गेला.