कारखान्यातला डीव्हीआर बॉटनेटच्या तावडीतून कसा सोडवावा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की नवी पेठेतलं कापडाचं दुकान, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) आणि राउटर तिथे रात्रंदिवस चालू असतात. दोन्ही यंत्रं आतून बहुधा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालतात, आणि कंपनीकडून आलेला पासवर्ड अनेकदा कुणी बदललेलाच नसतो. मिराई या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) २०१६ साली नेमका याचाच फायदा घेतला. साठेक ठरलेले पासवर्ड लावून पाहत त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. परक्याच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रांच्या अशा ताफ्यालाच बॉटनेट म्हणतात. २१ ऑक्टोबरला त्यांच्यातल्या अनेकांना एकदम डाइन या, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर सोडल्यावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास धड उघडत नव्हत्या.

मालकाला यातलं काहीच जाणवत नाही, कारण कॅमेरे नीट चालतात. फार तर नेट विनाकारण संथ होतं आणि कुणी वापरत नसतानाही अपलोड वाढलेलं दिसतं.

शंका आली तर आधी डीव्हीआरची लॅन केबल काढा. घाबरू नका, रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर चालूच राहतं. फक्त मोबाइलवर दिसायचं थांबतं. मग डीव्हीआर बंद करून पुन्हा चालू करा. मिराई फक्त मेमरीत राहतो, त्यामुळे तेवढ्याने तो जातो. मात्र केबल लगेच लावू नका. इथेच बहुतेकांचं काम फसतं, कारण पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत लागण पुन्हा होते. केबल बाहेर असतानाच मॉनिटर आणि माउस जोडून ॲडमिनचा पासवर्ड बदला, मेनूत टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी, असुरक्षित सोय) दिसलं तर बंद करा.

आता राउटर. त्याच्या तळाच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचा पासवर्ड बदला (वायफायचा पासवर्ड वेगळा असतो), यूपीएनपी (यंत्रांना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) आणि बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद करा, डीव्हीआरसाठी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट त्याच्यापर्यंत येणारी वाट, काढा. बऱ्याच ब्रँडच्या ॲपवर कॅमेरे त्यानंतरही दिसतात. फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि मगच केबल जोडा.

ऑफिसात लिनक्स सर्व्हर असेल तर प्रकरण जास्त गंभीर आहे. २०१४ साली सापडलेला एक्सओआर डीडॉस हा मालवेअर एसएसएचवर (दुरून लॉगिन करायच्या सोयीवर) रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड ओळखेपर्यंत प्रयत्न करत राहतो, आत शिरला की क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यादीत) स्वतःची नोंद करतो. म्हणून रीस्टार्ट करूनही तो परत येतो. चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये अर्थहीन दहा अक्षरी नावाची प्रोसेस दिसली आणि मारली तरी नव्या नावाने उठली, तर साफसफाईत वेळ घालवू नका. फक्त डेटाचा बॅकअप घ्या, प्रोग्राम नको, आणि सिस्टीम नव्याने टाका. नंतर रूटचं थेट लॉगिन बंद ठेवा, पासवर्डऐवजी एसएसएच की (लॉगिनसाठीची किल्लीची फाइल) वापरा. घटना सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेला, जरूर कळवा.

ज्या जुन्या डीव्हीआरला अपडेटच येत नाही, त्याला नेट जोडूच नका. तो फक्त मॉनिटरवर चालवा.