बाळाची कारसीट बसवताना

प्रसूतीची तारीख जवळ आली की दुपटी, झबली, कुंच्या यांची तयारी घरोघरी होते. कारसीटचे खोके मात्र बहुधा बाळ घरी न्यायच्या दिवशी, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उघडले जाते. माझा आग्रह असा की सीट दोन-तीन आठवडे आधीच गाडीत बसवावी, माहितीपुस्तिका समोर ठेवून वाचावी आणि एखाद्या बाहुलीला तीत बांधून सराव करावा. सीट महाग की स्वस्त यापेक्षा दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते: सीट गाडीला घट्ट हवी आणि बाळ सीटला घट्ट हवे.

"मी घेते की मांडीवर, घट्ट धरीन," असे आजी म्हणतात, ते मायेपोटीच. पण ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळणे म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे, आणि त्या क्षणी बाळाचे वजन हातांना कित्येक पटींनी जाणवते; ते कोणाच्याही हातांना पेलत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालील मुलाला सीटबेल्टने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित न बसवल्यास 1000 रुपये दंड आहे.

तान्ह्या बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवे. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धक्का बसला की अशा सीटची पाठ डोके, मान आणि पाठीचा कणा यांना एकत्र आधार देते. युरोपातील आय-साइझ मानकाप्रमाणे निदान 15 महिन्यांपर्यंत ही दिशा बदलायची नाही, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही बदलण्याची घाई करू नये. पाय दुमडलेले दिसले तरी हरकत नाही. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर अशी सीट कधीही ठेवू नये. उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते. मागचे डावे आसन मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण आपल्याकडे बाळाला फुटपाथच्या बाजूने उतरवता येते.

बेल्टने सीट बसवताना सर्वाधिक चुका होतात. मागे तोंड असलेल्या बऱ्याच सीटांमध्ये बेल्टचा कमरेचा भाग निळ्या खुणांच्या खाचांतून सीटवरून जातो आणि खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून वळसा घेतो. बकल लावल्यावर सीट एका हाताने आसनात दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने आधी कमरेचा, मग खांद्याचा भाग ओढून सगळा सैलपणा काढावा. आपल्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट फक्त झटका बसल्यावरच अडकतो, त्यामुळे उरलेला सैलपणा आपोआप जात नाही. मग जिथून बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवावी; तिथे ती 2.5 सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली, तर सोडून पुन्हा बांधावी. वरची कड थोडी हलणारच, तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

आयसोफिक्स, म्हणजे बेल्टऐवजी सीट थेट गाडीला अडकवण्याची सोय, असेल तर आसन आणि पाठ यांच्या फटीतल्या दोन लोखंडी कड्यांत सीटचे हात टक् असा आवाज होऊन अडकतात आणि खूण हिरवी होते. तेवढ्यावर थांबू नये. सीटला खालून टेकू देणारा आधारपाय असेल तर तो गाडीच्या तळाला पक्का टेकला पाहिजे, आणि वरचा पट्टा असेल तर तो त्यासाठीच दिलेल्या कडीत अडकवावा, सामान बांधायच्या कडीत नव्हे.

आता बाळ. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ चिमटीत धरून पाहावे. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर ते अजून सैल आहेत. बाळाला दुपट्यात गुंडाळून किंवा जाड स्वेटर घालून बांधू नये, कारण धक्क्यात कापड दबते आणि पट्टे सैल पडतात. थंडी असेल तर आधी बांधावे, मग वरून पांघरूण घालावे. हनुवटी छातीला टेकली तर श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून सीटचा कलता कोन पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा. एप्रिल-मेच्या उन्हात बकल आधी हाताच्या पाठीने तपासावे, चटका सहज बसतो.

लांबच्या प्रवासात बाळाला अधूनमधून सीटबाहेर काढावे, पण गाडी थांबवूनच. रडते म्हणून चालत्या गाडीत पट्टे सोडू नयेत. आजींना बाळाशेजारी बसवावे, त्यांचा स्वतःचा सीटबेल्ट लावून, म्हणजे मान कलली की सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येईल.