खवल्यावरून माशाचं वय वाचायचं असेल तर

प्राणिशास्त्र शिकणारी मुलं इंदूरला रामबागेत माझ्या घरी येतात आणि म्हणतात, "ताई, माशांवर संशोधन करायचंय, विषय सुचवा." मी विषय सुचवत नाही. दुचाकीवर जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल असा एक तलाव निवडा आणि बारा महिने, दर महिन्याला, तिथे जा, एवढंच सांगते. माझं काम इंदूरजवळ, गंभीर नदीवरच्या यशवंत सागर तलावावर असंच सुरू झालं.

आधी नाववाल्यांशी ओळख करा. पहाटे जाळी काठाला येतात, तेव्हा तिथे असा. मासा फुकट मागू नका, विकत घ्या. मोजायला म्हणून हातात घेतलेला मासा तसाच्या तसा परत द्या. जाळं किती आसाचं, म्हणजे किती मोठ्या भोकांचं, होतं आणि किती तास पाण्यात होतं, हे विचारून लिहून ठेवा. मोठ्या आसाच्या जाळ्यातून लहान मासे निसटतात. ही नोंद नसेल तर तलावात लहान मासे नाहीतच, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

मग मोजमाप. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक लांबी, शेपटीच्या खाचेपर्यंत दुसरी. कुठली कुठे लिहिली, हे एकदा ठरलं की वर्षभर बदलायचं नाही. वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. एखाद्या महिन्यात त्या लांबीच्या मानाने मासे हलके भरले तर खाणं कमी पडलंय का, अंडी नुकतीच टाकून झालीत का, ते बघा.

खवल्यांवर मात्र जीव लावा. डाव्या बाजूला, पाठीच्या पराच्या खाली आणि अंगावरच्या मधल्या रेषेच्या वर, तिथून आठ-दहा खवले चिमट्याने काढा. एकावर भागत नाही. गळून पुन्हा उगवलेल्या खवल्याचा मधला भाग कोरा असतो, त्यात लहानपणीची वर्षं सापडत नाहीत. खवले पाण्यात भिजवून बोटाने चोळा, दोन काचपट्ट्यांत दाबा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बारीक वलयं दिसतील. मासा भराभर वाढतो तेव्हा ती विरळ पडतात, वाढ मंदावली की दाटतात. दाट पट्टा संपून पुन्हा विरळ वलयं सुरू होतात, तिथे वर्षाची खूण असू शकते.

असू शकते, असंच म्हणते मी. आपल्याकडे हिवाळ्यातही वाढ मंदावते आणि अंडी घालण्याच्या काळातही. त्यामुळे वर्षात खूण एकच पडते की दोन, ते आपल्या तलावापुरतं आपणच तपासायचं. शेवटच्या खुणेपासून खवल्याच्या कडेपर्यंतचं अंतर दर महिन्याला मोजा. ते वर्षातून एकदाच एकदम कमी झालं, तर खूण वर्षाला एक. बारा महिने जायचं ते यासाठी.

पाकिटांवर पेन्सिलनेच लिहा. माझ्या पहिल्या पावसाळ्यातली पाकिटं शाईची होती. पिशवीत पाणी शिरलं, आणि कुठला खवला कुठल्या माशाचा हे कळेनासं झालं. तीन महिन्यांची मेहनत गेली. मी तेव्हा रडले होते.

पढिन किंवा शिंगाड्यासारख्या बिनखवल्याच्या माशांना वेगळी वाट आहे, त्यांच्या छातीच्या काट्याचा पातळ काप घेऊन त्यातली वलयं मोजतात. बडवाहला नर्मदेत बाडस, म्हणजे महासीर, मिळाला तर पोट फाडू नका. ओल्या हातांनी धरा, दोन-तीन खवले घ्या, वाहत्या पाण्यात सोडा. मध्य प्रदेशाने 2011 मध्ये त्याला राज्यमासा केलं. पण त्याला लागतं ते खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि दगडगोट्यांचा तळ. धरणांनी नदीचे मोठे पट्टे संथ केलेत, तिथे त्याला जागा उरत नाही. याचं मला खरोखर दुःख आहे.

शिक्षणाचं विचाराल तर मत्स्यविज्ञानाची पदवी किंवा प्राणिशास्त्र, दोन्हीकडून येता येतं. पुढे मुंबईला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. गोड्या पाण्यासाठी 1947 पासूनची कोलकात्याजवळच्या बराकपूरची केंद्रीय संस्था आहे, तिचं केंद्र वडोदऱ्यालाही आहे. तिथे जाताना आपली वर्षभराची वही बरोबर न्या.

वहीतून शेवटी एक आकडा काढायचाय: मादी पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हा तिची लांबी किती आणि वय किती. त्यासाठी विकत घेतलेल्या माशांच्या अंडाशयाचं वजन करा आणि ते अंगाच्या वजनाच्या किती टक्के भरतं ते लिहा. त्या लांबीच्या आतले मासे जाळ्यात जास्त येत असतील तर आस वाढवायला हवा. हे नाववाल्यांना त्यांच्या बोलीत, काठावर बसून, मासे समोर ठेवून समजवा. ते हिशेब तुमच्याहून लवकर लावतात.

राज्यात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण पुराच्या पाण्याबरोबर रोहू-कतला अंडी घालतात. म्हणून 16 ऑगस्टची पहाट चुकवू नका. पहिल्या जाळ्यातल्या किती माद्यांची पोटं रिकामी आहेत आणि किती अजून भरलेल्या, ते मोजा आणि पेन्सिलने लिहा.