उत्तर आधी, प्रश्न नंतर

वीस वर्षं गणित शिकवतेय. अभ्यासक्रम माझ्या हातात नाही, पण प्रश्न कसा विचारायचा ते आहे. ‘७ अधिक ५ किती?’ याऐवजी फळ्यावर लिहा: ‘उत्तर १२. प्रश्न कोणता?’ मग पाच मिनिटं गप्प बसा. हेच सगळ्यांत अवघड. सांगून टाकायला जीभ शिवशिवते. आधी बेरजाच येतील. थांबा. मग कुणी ऋण संख्या आणतं, कुणी घनाच्या कडा मोजतं. चुकलेलं पुसू नका. ‘या प्रश्नाचं बरोबर उत्तर कोणतं ठरेल?’ एवढंच विचारा. त्या तासाला गुण नकोत.

पाढे मात्र पाठ हवेतच. ते येत नसतील तर १४४ भागिले १२ सुचणार कसं?

मुलांनी रचलेला एक प्रश्न पुढच्या चाचणीत नक्की घ्या.