नाशिकच्या मुलांची टोळी कागदावर उभी करताना

नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी भावंडांची किंवा दोस्तांची कादंबरी लिहायला घेतली की पहिल्या पंधरा पानांतच एक गडबड होते. मुलं पाच असतात, पण बोलतात एकाच तोंडाने. नावांची अदलाबदल केली तरी संवाद जिथल्या तिथे बसतात. मग एकाला चष्मा दिला जातो, दुसऱ्याला खादाड केलं जातं आणि तेवढ्यावर भागेल असं वाटतं. तेवढ्यावर भागत नाही. टोळीतल्या प्रत्येक मुलावाचून कथा कुठेतरी अडली पाहिजे. ही कसोटी हाताशी ठेवली की मुलं किती, त्यांची नाती काय, गाव किती आणि मोठी माणसं कुठे, हे सगळं ठरवायला सोपं जातं.

पहिल्या पुस्तकासाठी चार मुलं घ्या. तीन मुलांत दोघांची जोडी जमते आणि तिसरं बाजूला पडतं. भांडणासाठी हे उत्तम, पण दोन ठिकाणी एकाच वेळी काही घडवायचं तर एकाला एकटंच पाठवावं लागतं. चौघांच्या दोन जोड्या होतात. एक जोडी रामकुंडावर, दुसरी वाड्यात, आणि प्रकरण नेमकं कुठे तोडायचं हे आपोआप सुचतं. सहांच्या पुढे गेलात की हमखास कुणीतरी नुसतं उभं राहतं. एनिड ब्लायटनच्या ‘सीक्रेट सेव्हन’मधल्या पॅम आणि बार्बरा यांच्यात नेमका फरक काय, असं विचारलं तर सगळी पुस्तकं वाचलेलं मूलही अडखळेल. त्याच लेखिकेची ‘फेमस फाइव्ह’ चार मुलं आणि एक कुत्रा यांच्यावर १९४२ ते १९६३ या काळात २१ कादंबऱ्या चालली.

आता नाती. सख्खी भावंडं घेतली तर ती एकत्र का आली हे सांगावं लागत नाही, आणि भांडण झालं तरी रात्री एकाच घरात झोपायचं असतं. दोस्त घेतले तर रोज भेटायला जागा आणि कारण लागतं. म्हणून दोस्तांच्या टोळ्यांत परवलीचा शब्द, बिल्ला आणि बागेतली शेड असते. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने दोन्हींची सरमिसळ करावी: दोन सख्खी भावंडं, सुट्टीला आलेला एक मामेभाऊ किंवा आत्येबहीण, आणि शेजारचं एक मूल. बाहेरगावचं मूल फार उपयोगी पडतं. त्याला नाशिक माहीत नसतं, ते प्रश्न विचारतं, आणि गावाची माहिती लेखकाला स्वतःच्या तोंडाने सांगावी लागत नाही. शेजारच्या मुलामुळे दुसरं घर, दुसरा धंदा, दुसरं स्वयंपाकघर उघडतं.

‘फेमस फाइव्ह’च्या पहिल्या पुस्तकात हीच मांडणी आहे. ज्युलियन, डिक आणि ॲन ही सख्खी भावंडं, जॉर्ज ही चुलत बहीण. सुरुवातीला ती कुणाशी धड बोलत नाही. पण गोष्टीतल्या बेटाभोवतीच्या खडकांतून होडी न्यायची वाट फक्त तिलाच माहीत आहे. तिला कथेतून काढा, बाकी तिघं किनाऱ्यावरच राहतील. अशी जागा प्रत्येक मुलाला हवी.

त्यासाठी लिहायला बसण्याआधी प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा. त्यावर पाचच गोष्टी लिहा: वय, इतरांना येत नाही असं एक काम, जमत नाही किंवा भीती वाटते अशी एक गोष्ट, खिशात किंवा दप्तरात कायम असणारी एक वस्तू, आणि बोलण्याची लकब. ‘हुशार’, ‘धाडसी’, ‘प्रेमळ’ असले शब्द कार्डावर येऊ देऊ नका. त्यांतून प्रसंग निघत नाही. उदाहरण म्हणून एक टोळी घेऊ. जुन्या नाशकात एका वाड्यात राहणारी तन्वी (१२) आणि तिचा भाऊ सोहम (८), लातूरहून मे महिन्यात आलेला मामेभाऊ अर्णव (११), आणि भांडी बाजारात वडिलांचं तांब्यापितळेचं दुकान असलेली आयेशा (११). वाड्याच्या देवघरातली जुनी समई नाहीशी झाली आहे. कामं अशी वाटता येतील: आयेशाला धातू आणि जोड ओळखता येतात. अर्णव अनोळखी माणसाशी बेधडक बोलतो. तन्वीला गल्लीबोळ पाठ आहेत आणि घरच्यांची परवानगी तिच्याच शब्दावर मिळते. सोहम दिवसभर दिंडी दरवाजात बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितो. ही वही चौथ्या प्रकरणात निरुपद्रवी वाटली पाहिजे आणि तेराव्यात कामाला आली पाहिजे.

कामं वाटताना मुलीच्या वाट्याला फक्त डबे भरणं आणि काळजी करणं जातंय का, ते बघा. जुन्या पुस्तकांचं हे दुखणं आहे. आर्थर रॅन्समच्या ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’मध्ये (१९३०) सुझनकडे स्वयंपाक आणि झोपायच्या वेळा आहेत, हे खरं, पण त्याच पुस्तकात नॅन्सी सगळ्यांत दांडगी आहे, आणि बेटावर एकटी पहाऱ्याला राहिलेली टिटी समोरच्या टोळीची होडीच पळवते. चोरांचे आवाजही अंधारात तिलाच ऐकू येतात. मागे ठेवलेल्या मुलाच्या हाती सगळ्यांत मोठी गोष्ट लागणं, ही युक्ती सर्वांत धाकट्यासाठी वापरून बघा. एरिश केस्टनरच्या ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’मध्ये (१९२९) एमिलचे पैसे चोरणाऱ्याचा बर्लिनभर पाठलाग चालू असताना ‘छोटा ट्यूसडे’ नावाचा मुलगा घरी टेलिफोनपाशी बसून राहतो. त्याला मजा काहीच बघायला मिळत नाही. पण सगळे निरोप त्याच्यामार्फत जातात, तो उठला तर टोळी विखुरेल. धाकटी भावंडं असलेल्या घरात हे पात्र मुलांना लगेच भिडतं.

सगळ्यांना सगळं एकदम कळू देऊ नका. ई. नेस्बिटच्या ‘द रेल्वे चिल्ड्रन’मध्ये (१९०६) वडील तुरुंगात आहेत हे थोरल्या रॉबर्टाला एका जुन्या वर्तमानपत्रातून कळतं, आणि पीटर नि फिलिस यांना ती ते सांगत नाही. त्यानंतरच्या साध्या खेळातसुद्धा ताण येतो, कारण एकीला माहीत आहे आणि दोघांना नाही. आपल्या टोळीत समई आजीनेच कुणाला तरी दिली असावी, असा संशय आधी फक्त तन्वीला येऊ द्या.

मोठ्यांना बाजूला करणं हा सगळ्यांत अवघड भाग, आणि तिथे आळस केला की पुस्तक खोटं वाटायला लागतं. आईवडिलांना परगावी लग्नाला धाडणं एकदा चालतं. त्यापेक्षा अटी घालून परवानगी द्या. रॅन्समच्या पुस्तकातल्या मुलांना बेटावर राहायची मुभा आहे, पण दूध आणायला रोज जवळच्या शेतावर जायचं असतं, त्यामुळे मुलं सुखरूप असल्याचं कुणाला तरी रोज कळतं. नाशकात अटी अशा घालता येतील: दिवेलागणीला घरात, घाटाच्या पायऱ्यांच्या खाली उतरायचं नाही, सोहमला एकटं सोडायचं नाही. प्रत्येक अट म्हणजे एक प्रसंग. चोर नेमका दिवेलागणीनंतर येतो, आणि आता काय करायचं? मोबाइलचंही तेच. बॅटरी संपली, नेटवर्क गेलं, ही पळवाट पुस्तकात एकदाच वापरता येते. चौघांत मिळून एकच साधा फोन असू द्या आणि तो सोहमकडे असू द्या. मग छोट्या ट्यूसडेची जागा आयती तयार होते.

मुलं मोठ्यांना सरळ का सांगत नाहीत, याचंही उत्तर हवं. ‘मोठे विश्वास ठेवणार नाहीत’ हे उत्तर झिजलेलं आहे. केस्टनरच्या एमिलने गावातल्या पुतळ्याला लाल नाक काढलेलं असतं, म्हणून तो पोलिसांकडे जायला घाबरतो. दोष त्याचाच आणि छोटासाच, पण दहा वर्षांच्या मुलाला तो डोंगराएवढा वाटतो. आपल्या गोष्टीत समई शेवटची सोहमने खेळायला घेतली होती, एवढं पुरे.

पुरावाही त्याच पुस्तकातून शिकावा. आईने दिलेले १४० मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) एमिल रेल्वेत कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवतो. वाचकाला ती फक्त भित्र्या मुलाची काळजी वाटते. पैसे चोरीला जातात, आणि शेवटी नोटांना पडलेली टाचणीची भोकंच त्या त्याच्या आहेत हे सिद्ध करतात. पुरावा पेरताना तो पुरावा वाटू नये, रोजच्या वागण्याचा भाग वाटावा. शिवाय रक्कम आकड्यात सांगितलेली आहे आणि ती आईने कष्टाने साठवलेली आहे. खजिना, हिरे, आंतरराष्ट्रीय टोळी यांपेक्षा घरातली एक वस्तू मुलांना जास्त खरी वाटते.

गाव उभं करताना आधी एका कागदावर हाताने नकाशा काढा आणि मुलं पायी जातील एवढाच भाग घ्या: रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाघाट, पूल ओलांडून पंचवटी. पांडवलेणी शहराच्या मध्यापासून लांब, मुंबई रस्त्याला आहेत. तिथे न्यायचं तर बस किंवा रिक्षा, पैसे आणि परवानगी या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतील. लेणी २४ आहेत, त्यामुळे ‘गुहेत लपला’ असं मोघम लिहू नका, कुठलं लेणं ते प्रत्यक्ष बघून ठरवा.

ऋतू चुकला की नाशिकचं मूल लगेच पकडतं. द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि फळाची छाटणी ऑक्टोबरात. म्हणजे मेच्या सुट्टीत टोळी बागेत शिरून घड तोडत असेल, तर बागायतदाराच्या घरातलं मूल पुस्तक तिथेच मिटेल. पावसाळा घेतलात तर गंगापूर धरणातून विसर्ग सुटल्यावर गोदेला पाणी चढतं आणि घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावर लोक पुराचा अंदाज बांधतात. या पाण्यात मुलांना उतरवू नका, होडीही नको. वाचक घाटावर राहणारे आहेत आणि करून बघणारे आहेत. पाण्याला दुसरं काम द्या: घाटावर ठेवलेली खूण रात्रीतून वाहून जाते. रंगपंचमी घेतली तर जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, आहेतच. वर्षभर त्या झाकलेल्या असतात आणि सणाला उघडतात. कुणीतरी झाकणाआड काही ठेवलंय आणि उघडायला तीन दिवस उरलेत, ही मुदत कथेला आयती मिळते. फक्त तेव्हा शाळा चालू असते, हे विसरू नका.

संवादाची परीक्षा सोपी आहे. हा तुकडा बघा:

“हा जोड नवा आहे.”
“कशावरून?”
“रंग बघ ना. खालचं पितळ काळवंडलंय, हा पट्टा चकचकतोय.”
“म्हणजे आजीची नाहीच ही! मी सांगत होतो ना, ताई!”
“हळू बोल. आधी आजीला विचारू, मग बघू.”
“त्यात आजीला काय विचारायचं? दुकानदाराला विचारतो की मी. काका, ओ काका!”

नावं एकदाही आलेली नाहीत, तरी कोण बोलतंय ते कळतं. तुमच्या प्रत्येक प्रसंगात नावं झाकून असं वाचा. जिथे कळत नाही तिथे ‘तो रागाने म्हणाला’ जोडू नका, वाक्य बदला. चौघंही हजर असलेला प्रसंग दीड पानापेक्षा लांबला तर एकाला काहीतरी आणायला पाठवा.

निवेदन टोळीतल्याच एकाकडे द्यायचं असेल तर नेस्बिटच्या ‘द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स’मधली (१८९९) गंमत बघा. सहा भावंडांपैकी एक जण गोष्ट सांगतोय, पण कोण ते सांगणार नाही म्हणतो. आणि मग ऑस्वाल्डचं कौतुक जरा जास्तच होत राहतं. दहा वर्षांचा वाचक हे स्वतः पकडतो आणि खूश होतो. मराठीत हे करताना क्रियापदं पकडून देतात. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ एकदा लिहिलं की मुलगा की मुलगी ते कळलं. म्हणून सगळं ‘आम्ही’ आणि तृतीयपुरुषात ठेवावं लागतं.

खलनायकाबद्दल थोडक्यात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत परका, गरीब किंवा फिरस्ता माणूस दिसला की संशय त्याच्यावर जातो. ते उचलू नका. भंगारवाला, साधू, परप्रांतीय कामगार यांच्यावर टोळीचा संशय गेलाच, तर तो चुकीचा ठरू द्या, आणि मुलांनी त्या माणसाची तोंडावर माफी मागू द्या.

लांबी २० ते २२ हजार शब्द, प्रकरणं १६ ते १८, प्रत्येकी बाराशेच्या आसपास. मोठ्याने वाचायला एक प्रकरण दहा-बारा मिनिटं घेतं, झोपण्याआधी तेवढंच बसतं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’त प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र आहे, मित्र जमतात आणि त्या रात्रीची गोष्ट त्या रात्री पुरी होते. साहसकथेत मोठं कोडं उघडं ठेवा, पण प्रकरणातलं छोटं काम त्याच प्रकरणात संपवा. प्रत्येक वेळी कड्याला लोंबकळत सोडलं तर पाचव्या रात्रीनंतर मुलांना त्याचं काही वाटेनासं होतं.

पहिला खर्डा झाला की पाच-सहा मुलांना जमवून सलग तीन प्रकरणं मोठ्याने वाचा. ‘आवडलं का’ हे विचारू नका, सगळी हो म्हणतात. मुलं चुळबुळ करतील तिथे समासात पेन्सिलने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी त्यांना टोळीतल्या चौघांची नावं आणि प्रत्येकाने काय केलं ते विचारा. ज्याचं नाव आठवलं पण काम आठवलं नाही, त्याचं कार्ड काढून दुसरी ओळ नव्याने लिहा. ज्याचं नावही आठवलं नाही, त्याचे संवाद उरलेल्या तिघांत वाटून बघा. वाटले जात असतील तर पुस्तक तिघांचं आहे.